वाचक विचारतात : फाइल त्यांची, सॉफ्टवेअर आपलं

या वेळची बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. स्वतःकडे ऑटोकॅड (नकाशे काढण्याचं ऑटोडेस्क कंपनीचं सॉफ्टवेअर) नाही किंवा परवडत नाही, आणि येणारी प्रत्येक फाइल मात्र ऑटोकॅडची. त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजारात आमचं तिघांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. काम टू-डीच : प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, कॉर्पोरेशनचे नकाशे. स्ट्रक्चरल कन्सल्टंट अहमदाबादचे, एमईपीवाले (वीज, पाणी आणि वातानुकूलनाचे कन्सल्टंट) अलकापुरीत, दोघंही ऑटोकॅडवर. दरवर्षी तीन सबस्क्रिप्शन भरणं जड जातं. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ड्राफ्टसाइट, लिब्रेकॅड ही नावं ऐकली आहेत. प्रत्येक विक्रेता 'शंभर टक्के कम्पॅटिबल' म्हणतो. नेमकं काय घ्यावं?

विक्रेत्याचे शंभर टक्के सोडून द्या, त्यांना तुमच्या फाइलशी काही देणंघेणं नाही. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल ज्यात साठते तो, ऑटोडेस्कचा स्वतःचा फॉरमॅट आहे. बाहेरचं बहुतेक सॉफ्टवेअर तो वाचतं ते ओपन डिझाइन अलायन्स या १९९८ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या लायब्ररीच्या आधारे. रेषा, आर्क, पॉलिलाइन, टेक्स्ट, लेअर, हॅच, साधे ब्लॉक (दरवाज्यासारखी एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची चित्रं), डायमेन्शन, लेआउट (छापायच्या कागदाची मांडणी) इथपर्यंत पैसे मोजून घेतलेलं कुठलंही बरं सॉफ्टवेअर आज अडत नाही. अडतं ते पुढे : डायनॅमिक ब्लॉक (ज्यांचं माप यादीतून बदलता येतं असे), ॲनोटेटिव्ह डायमेन्शन (स्केलप्रमाणे लहानमोठी होणारी), टेबलमधली फील्ड, एमईपीवाल्यांची खास ऑब्जेक्ट, आणि कुणीतरी लिहून दिलेल्या लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम). तेव्हा आधी कन्सल्टंटच्या फाइलमध्ये यातलं काय काय आहे ते बघा.

नावं गाळायला सुरुवात करू. लिब्रेकॅड फुकट आहे, चांगलं आहे, पण ते मुळात डीएक्सएफचं (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाची देवाणघेवाण करायच्या फॉरमॅटचं) सॉफ्टवेअर. डीडब्ल्यूजी ते अर्धवट वाचतं, लिहीत नाही, आणि त्यात तुमच्या सवयीचे लेआउट-व्ह्यूपोर्ट (कागदावर नकाशाचा भाग ठरावीक स्केलला दाखवणाऱ्या खिडक्या) नाहीत. तुमच्यासाठी बाद. क्यूकॅडची फुकट आवृत्ती फक्त डीएक्सएफवर चालते. तिची प्रोफेशनल आवृत्ती डीडब्ल्यूजी वाचते आणि लिहिते, एकदाच पैसे भरायचे आणि तेही थोडे. एकट्याने छोटी कामं करणाऱ्याला आम्ही तीच सुचवू, पण चार-पाच एक्सरेफ (बाहेरून जोडलेल्या नकाशाच्या फायली) असलेल्या शीटवर दिवस काढणाऱ्या ऑफिसला नाही. ड्राफ्टसाइट 'फुकट मिळतं' असं कुणी सांगितलं असेल तर ती माहिती जुनी झाली : फुकटची आवृत्ती २०१९च्या अखेरीस बंद झाली. राहिली ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, इंटेलिकॅडवर उभं असलेलं प्रोजेकॅड, आणि ज्याचं नाव तुम्ही घेतलंच नाही ते ऑटोकॅड एलटी. पूर्ण ऑटोकॅडपेक्षा ते बरंच स्वस्त आहे, टू-डीला पुरतं, आणि २०२४च्या आवृत्तीपासून त्यात लिस्पही चालतं. अडचण एवढीच की तेही दरवर्षी भरायचं. ऑटोडेस्कने कायमचे नवे परवाने विकणं २०१६ सालीच थांबवलं.

किमतीची तुलना एका वर्षाची करू नका, पाच वर्षांची करा. सबस्क्रिप्शन असेल तर वार्षिक रक्कम गुणिले पाच. कायमचा परवाना असेल तर पहिली रक्कम, अधिक मधे घ्याव्या लागणाऱ्या एक-दोन अपग्रेडची. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, नोंदणी असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळतो. कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्या : परवाना 'पर्पेच्युअल' आहे का, एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवता येतो का आणि किती वेळा, अपग्रेड न घेतल्यास जुनी आवृत्ती चालूच राहते का, आणि या एडिशनमध्ये लिस्प आहे का. शेवटचं विसरू नका. स्वस्त एडिशनमध्ये नेमकं काय कापलं आहे ते ब्रोशरच्या तळाला बारीक अक्षरात असतं.

कायमच्या परवान्याबद्दलची एक भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. 'फॉरमॅट बदलला की तुमचं सॉफ्टवेअर जुनं होईल' हे खरं, पण ऑटोकॅड २०१८मध्ये आलेला डीडब्ल्यूजीचा ढाचाच २०२६च्या आवृत्तीपर्यंत चालू राहिला आहे. दरवर्षी नवं ऑटोकॅड येतं, दरवर्षी नवा फॉरमॅट येत नाही.

आता चाचणी. ही सगळी सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघायला मिळतात. तिघांनी तीन एकदम उतरवू नका. एकाच संगणकावर, एकाच फाइलवर, एकामागून एक.

फाइल सोपी घेऊ नका. एमईपीवाल्यांकडून त्यांची सगळ्यात गिचमिड फाइल मागा : किमान दोन एक्सरेफ, डायनॅमिक ब्लॉक, एक टेबल, मल्टिलीडर (बाण जोडलेली सूचना), आणि ए-१ लेआउटवर वेगवेगळ्या स्केलचे तीन व्ह्यूपोर्ट असलेली. ती ईट्रान्समिट करून पाठवायला सांगा, म्हणजे एक्सरेफ, शेप फॉन्ट (ऑटोकॅडचे स्वतःचे फॉन्ट) आणि सीटीबी (छापताना रेषांची जाडी ठरवणारी फाइल) एकाच झिपमध्ये येतात. सोबत त्यांच्या ऑटोकॅडमधून काढलेली त्या लेआउटची पीडीएफ, आणि दोन आकडे : मॉडेलमध्ये कंट्रोल-ए दाबल्यावर प्रॉपर्टीज पॅलेटच्या वर दिसणारी एकूण ऑब्जेक्टची संख्या, आणि एखाद्या बंद पॉलिलाइनचं क्षेत्रफळ.

आपल्याकडे फाइल उघडताना जे संदेश येतात ते घाईने बंद न करता टिपून घ्या. हरवलेला फॉन्ट आणि न सापडलेला एक्सरेफ तिथेच कळतो. मग तेच दोन आकडे ताडून बघा. लेआउटची पीडीएफ काढा, त्यांची आणि आपली दोन्ही ए-३वर छापा (ए-१चा ए-३ होताना सगळं बरोबर निम्मं होतं) आणि दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. स्क्रीनवर जे नजरेतून सुटतं ते काचेवर सुटत नाही : टेक्स्ट दोन मिलिमीटर पुढे गेलेलं, डॅशची रेषा सलग झालेली, भिंतीची जाड रेषा बारीक झालेली.

मग काम करा. एक भिंत स्ट्रेच करा, एक डायमेन्शन बदला, टेबलमधला एक आकडा खोडून दुसरा घाला, डायनॅमिक दरवाजा ७५०चा ९०० करा. सेव्ह करा, परत पाठवा. त्यांनी ऑटोकॅडमध्ये उघडून ऑडिट चालवायचं, किती चुका सापडल्या तो आकडा कळवायचा, आणि काहीतरी बदलून फाइल पुन्हा तुमच्याकडे. अशा तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत सगळेच पास होतात. खरी झीज तिसऱ्या फेरीत दिसते, कारण रोजच्या कामात फाइल अशीच दहा वेळा इकडून तिकडे जाणार असते. प्रत्येक फेरीला फाइलचा आकार किलोबाइटमध्ये लिहून ठेवा. चार रेषा बदलून फाइल दुप्पट झाली तर आत कचरा साठतो आहे.

दरवाज्याकडे नीट बघा. ऑटोकॅडमध्ये डायनॅमिक ब्लॉक सिलेक्ट केला की त्याच्यापाशी निळसर त्रिकोण येतो, त्यावर क्लिक केलं की मापांची यादी. परत आलेल्या फाइलमध्ये तो त्रिकोण दिसेनासा झाला असेल आणि प्रॉपर्टीजमध्ये ब्लॉकच्या नावाऐवजी तारा, यू आणि एखादा आकडा असेल, तर तो ब्लॉक मेला. दिसतो तसाच. पण दरवाज्यांची मोजणी ब्लॉकच्या नावावर चालते, त्यामुळे ९००चे चौदा दरवाजे चौदा वेगळ्या नावांखाली विखुरतात, आणि चूक थेट बिल ऑफ क्वांटिटीपर्यंत जाते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे तिसऱ्या फेरीनंतरही होत नाही ते ठेवा.

चाचणीत कॉर्पोरेशनची एक फाइलही घाला. ऑनलाइन परवानगीच्या नकाशात लेअरची नावं आणि बंद पॉलिलाइन ठरल्याप्रमाणेच लागतात. तुमची एक आधी मंजूर झालेली फाइल नव्या सॉफ्टवेअरमधून सेव्ह करून तपासणीच्या साधनातून काढून बघा.

आमचं मत विचाराल तर तुमच्या कामाला ब्रिक्सकॅड लाइट किंवा झेडडब्ल्यूकॅड, जे तीन फेऱ्या पास होईल ते. एमईपीच्या फायली डायनॅमिक ब्लॉकनी भरलेल्या असतील तर दोन परवाने त्याचे आणि तिसरी जागा ऑटोकॅड एलटीची, बाहेर जाणारी प्रत्येक फाइल त्या एका संगणकावरूनच. आणि काहीही घेतलंत तरी तिन्ही संगणकांवर ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू उतरवा. ते फुकट आहे. त्यात फाइल बदलता येत नाही, पण पाठवण्याआधी त्यात उघडून बघितली की समोरच्याला ती त्याच्या ऑटोकॅडमध्ये कशी दिसणार ते कळतं. फोन येण्याआधी.

प्रश्न : माझ्याकडे ऑटोकॅड २०१०चा कायमचा परवाना आहे. रीतसर बिलाचा. अलीकडे येणाऱ्या निम्म्या फायली उघडतच नाहीत. नवं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल का? — इंटिरिअर डिझायनर, कारेलीबाग

लगेच नाही. फाइल बिघडलेली नाही, नवी आहे. कुठल्या आवृत्तीची आहे ते न उघडता कळतं : फाइलची एक कॉपी करून ती नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य चिन्हांच्या आधी, अगदी सुरुवातीला, एसी ही दोन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे असतात. १०१५ म्हणजे ऑटोकॅड २००० ते २००२चा फॉरमॅट, १०१८ म्हणजे २००४ ते २००६, १०२१ म्हणजे २००७ ते २००९, १०२४ म्हणजे २०१० ते २०१२, १०२७ म्हणजे २०१३ ते २०१७, आणि १०३२ म्हणजे २०१८पासून पुढचा. तुमच्याकडे १०२४पर्यंतचं उघडेल. नोटपॅडमध्ये सेव्ह मात्र चुकूनही करू नका, म्हणून तर कॉपी.

समोरच्याला प्रत्येक वेळी 'सेव्ह ॲज २०१०' सांगत बसू नका, विसरणारच. त्याच्या ऑप्शन्समध्ये 'ओपन अँड सेव्ह' या टॅबवर कायमचा सेव्ह फॉरमॅट निवडता येतो. तेही जमत नसेल तर ट्रूव्ह्यूमधलं डीडब्ल्यूजी कन्व्हर्ट वापरा. एकेका फाइलऐवजी पूर्ण फोल्डर बदलायचा असेल तर ओपन डिझाइन अलायन्सचा फाइल कन्व्हर्टर बरा. तोही फुकट आहे. त्यात आत येणारा फोल्डर आणि बाहेर जाणारा फोल्डर वेगवेगळे द्यायचे, आवृत्ती निवडायची, ऑडिटची खूण ठेवायची.

खाली उतरताना २०१८चं २०१० केलं तर टू-डी कामात सहसा काही हरवत नाही. त्याहून खाली, २००४ वगैरे, विनाकारण जाऊ नका. २००७च्या फॉरमॅटपासून टेक्स्ट युनिकोडमध्ये साठवलं जातं. त्याआधीच्यात गुजराती-मराठी अक्षरांच्या जागी कोड बसतात, आणि ते सगळीकडे नीट परत उलगडतीलच असं नाही.

एक सावधगिरी : तो संगणक फॉरमॅट करण्याआधी किंवा हार्ड डिस्क बदलण्याआधी एवढ्या जुन्या आवृत्तीला पुन्हा ॲक्टिव्हेशन मिळेल का ते लेखी विचारून घ्या. मिळणार नसेल तर नवं सॉफ्टवेअर शोधायला त्या दिवशी सुरुवात करा, डिस्क गेल्यावर नाही.

प्रश्न : भागीदार ऑफिसकडून आलेल्या शीटवरच्या गुजराती सूचना आमच्याकडे इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी होऊन दिसतात. शिवाय त्यांच्या तुटक रेषा आमच्याकडे सलग. दोष आमच्या स्वस्त सॉफ्टवेअरचा का? — रावपुरा

दोन्ही बाबतीत नाही. तुमच्या जागी नवं कोरं ऑटोकॅड असतं तरी हेच दिसलं असतं.

गुजरातीचं असं आहे. एलएमजी अरुण, टेराफॉन्ट वरुण असे जुने फॉन्ट युनिकोडचे नाहीत. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना गुजरातीचा मुखवटा घालतो. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. हिंदी शीटवर कृती देवचंही हेच. उपाय दोनच. तोच फॉन्ट तुमच्या विंडोजमध्ये असावा, किंवा त्यांनी सूचना श्रुतीसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये एकदाच नव्याने टाइप करून तो ब्लॉक कायम वापरावा. दुसरा उपाय कंटाळवाणा आहे आणि तोच करण्यासारखा आहे. टेक्स्ट फोडून रेषा करून पाठवा असं कुणी सुचवलं तर मान्य करू नका : फाइल फुगते, सूचना बदलता येत नाही, शोधता येत नाही.

इंग्रजी टेक्स्ट रुंद किंवा अरुंद होऊन टायटल ब्लॉकच्या चौकटीबाहेर जात असेल तर तो शेप फॉन्ट हरवल्याचा परिणाम. एसएचएक्स फाइल मागून घ्या आणि ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ठेवा, तिथे ती आपोआप सापडते. नसली की सॉफ्टवेअर फॉन्टऑल्टमध्ये नेमलेला फॉन्ट घालतं, आणि अक्षरांची रुंदी बदलते.

तुटक रेषांचं मूळ मेझरमेंट या व्हेरिएबलमध्ये असतं. ० असेल तर इंचाच्या लाइनटाइप फाइलमधले डॅश येतात, १ असेल तर मिलिमीटरच्या. दोन्हींत २५.४ पटींचा फरक. दोघांकडे एकच आकडा ठेवा. मग एलटीस्केल (तुटक रेषांचं एकूण प्रमाण) बघा. मॉडेलमध्ये डॅश दिसतात पण लेआउटवर सलग, असं असेल तर पीएसएलटीस्केल १ आहे का ते तपासा आणि रिजेन करा. हॅचचं मात्र उलटं आहे : पॅटर्नची व्याख्या हॅचबरोबरच फाइलमध्ये येते, त्यामुळे त्यांचा खास पॅटर्न तुमच्याकडे दिसतो. नवा काढायला गेलात की सापडत नाही, कारण पॅट फाइल त्यांच्याकडेच राहिली.

अमोनिया प्रिंटच्या काळात गुंडाळी पोचली की नकाशा पोचायचा. आता फाइल पोचते, नकाशा तीन-चार निरनिराळ्या फायलींत विखुरलेला असतो.

प्रश्न : आम्ही फूट-इंचात काढतो, स्ट्रक्चरलवाले मिलिमीटरमध्ये. त्यांचा कॉलम ले-आउट एक्सरेफ केला की कधी डोंगराएवढा येतो, कधी ठिपका. आणि स्केल जुळवला तरी कॉलम भिंतीबरोबर बसत नाहीत. — फतेगंज

पहिला भाग सोपा आहे. दोन्ही फायलींत इन्सयुनिट्स बघा : इंचासाठी १, मिलिमीटरसाठी ४. कुठेही ० असेल तर ती फाइल 'माप माहीत नाही' म्हणते आणि सॉफ्टवेअर अंदाज करतं. लक्षात ठेवा, हा आकडा बदलल्याने आतल्या रेषा लहानमोठ्या होत नाहीत. तो फक्त फाइलची ओळख सांगतो. म्हणून आधी एखादा दरवाजा मोजा. ३६ आला तर इंच, ९०० आला तर मिलिमीटर. मग ओळख लिहा.

दुसरा भाग सॉफ्टवेअरचा नाहीच. तुमची भिंत ९ इंचांची, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. त्यांची २३०. एका भिंतीत १.४ मिलिमीटर कुणी बघत नाही. बाहेरून बाहेर मापं धरत गेलात तर दहा भिंतींनंतर १४ मिलिमीटर. शेवटच्या ग्रिडवरचा कॉलम प्लास्टरच्या जाडीएवढा बाहेर डोकावतो. २५.४ने गुणून हे कधीच सुटणार नाही. पहिल्याच दिवशी एकाने मिलिमीटरमध्ये ग्रिड काढायची, ग्रिडच्या ए आणि १ या रेषांच्या छेदाला शून्य-शून्य द्यायचं, दोघांनी तीच फाइल एक्सरेफ करायची, आणि माप सेंटर लाइनवरून धरायचं. भिंत २३० आणि ११५, हे ठरवून.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत शीट मेटलचं काम आहे. लिब्रेकॅडमध्ये ड्रॉइंग करून लेझर कटिंगला डीएक्सएफ देतो. काही जागी एकच रेष दोनदा कापली जाते, लंबगोल तुकड्यांचा होतो, आणि एकदा अख्खा बॅच २५ पट लहान आला.

लिब्रेकॅड तुम्हाला पुरेसं आहे, दुसरं घेऊ नका. डीएक्सएफ देताना सवयी बदला.

एकच रेष दोनदा कापली जाते कारण ती दोनदा आहे. कॉपी करताना किंवा दोन चौकोन शेजारी ठेवताना एक बाजू दुसरीवर बसते. ऑटोकॅड किंवा बहुतेक पैसेवाल्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरकिल ही कमांड अशा रेषा काढून टाकते, क्यूकॅडमध्ये दुबार वस्तू शोधण्याचं साधन आहे. लिब्रेकॅडमध्ये एक साधी युक्ती : संशयाची रेष एकदा सिलेक्ट करून डिलीट करा. रेष तिथेच दिसत राहिली तर खाली दुसरी आहे. कडा बंद हवी, टोकांत फट नको, म्हणून काढताना एंडपॉइंट स्नॅप चालूच ठेवा.

लंबगोलाचं कारण फॉरमॅटमध्ये आहे. बरेच कटिंगवाले आर-१२ या जुन्या आवृत्तीचं डीएक्सएफ मागतात. त्या फॉरमॅटमध्ये एलिप्स आणि स्प्लाइन हे प्रकारच नाहीत, त्यामुळे सेव्ह करताना त्यांचे छोटे सरळ तुकडे पडतात आणि मशीन प्रत्येक तुकड्याला अडखळतं. कटिंगवाल्याला विचारा, त्याचं सॉफ्टवेअर नवं असेल तर २००० किंवा २००७चं डीएक्सएफ चालेल आणि एलिप्स एलिप्सच राहील. नाहीच चाललं तर लंबगोल चार किंवा आठ आर्कने काढा. ऑटोकॅडवर काम होत असेल तर पीएलिप्स १ केल्यावर एलिप्स आपणहून आर्कच्या पॉलिलाइनने बनतो.

२५ पट म्हणजे मुळात २५.४ पट. मिलिमीटरची फाइल कुणीतरी, कुठेतरी, आणखी एकदा इंच-मिलिमीटरमध्ये बदलली. आर-१२ फाइलमध्ये माप कुठलं ते लिहिलेलंच नसतं. म्हणून फाइलच्या नावातच मिमी, जाडी आणि नग लिहा, आणि एका बाजूला वेगळ्या लेअरवर १०० बाय १००चा चौकोन ठेवा. ऑपरेटरने तो मोजला की प्रश्न मिटला. कापून झाल्यावर तो मोजण्यात अर्थ नाही, हे त्यालाही सांगा.

डायमेन्शन, सेंटर लाइन, टायटल ब्लॉक पाठवण्याच्या कॉपीतून काढून टाका, ब्लॉक फोडा, कट आणि मार्किंग दोन वेगळ्या लेअरवर ठेवा. लेझरच्या कापाची रुंदी स्वतः वजा करू नका. ती कटिंगवाला त्याच्या मशीनवर धरतो, दोघांनी धरली की होल लहान होतं.

प्रश्न : कॉलेजच्या शैक्षणिक परवान्यावर मिळालेलं ऑटोकॅड शिकतानाच छोट्या पैशाच्या कामांना वापरलं तर चालतं का? नाहीतर बाजारात 'क्रॅक' मिळतोच. — सयाजीगंज

शैक्षणिक परवाना फक्त शिकण्या-शिकवण्यासाठी. बिल केलेल्या कामाला तो चालत नाही, रक्कम पाचशे असो वा पन्नास हजार. जुन्या शैक्षणिक आवृत्त्यांत केलेल्या फाइलवर तर शिक्का बसतो, प्लॉटच्या चारी कडांना छापून येतो. आणि तो संसर्गजन्य आहे : अशा फाइलमधला एक खुर्चीचा ब्लॉक ऑफिसच्या चांगल्या फाइलमध्ये घातला की शिक्का तिथेही येतो. ज्यांच्याकडे काम करायला जाल त्यांच्या लायब्ररीत तुमची खुर्ची शिरण्याआधी विचार करा.

क्रॅकबद्दल कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७च्या ६३-बी कलमानुसार नकली प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

छोट्या कामांना क्यूकॅड प्रोफेशनल घ्या. ज्यांना फाइल द्यायची ते ऑटोकॅडवर असतील तर त्यांच्या स्क्रीनवर 'ही फाइल ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरने सेव्ह केलेली नाही' असा इशारा येऊ शकतो. फाइल बिघडल्याची ती खूण नाही, फक्त कुणी लिहिली त्याची नोंद आहे. पाठवतानाच मेलमध्ये तसं एका ओळीत लिहा, आणि सोबत पीडीएफ जोडा.